ब्लोअर बदलण्याआधी मोजून पाहणारे दुकान: वाडी, नागपूर

अमरावती मार्गावर वाडीच्या भागात, मालवाहतुकीच्या गोदामांच्या ओळीत, पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे हे दुकान गाडीच्या एसीची फक्त विजेची बाजू पाहते. पाटीवर मालकाचे नाव नाही. ‘ऑटो इलेक्ट्रिक, एसी वायरिंग’ एवढेच रंगवलेले आहे. गॅस भरणे, कॉम्प्रेसर उघडणे, कूलिंग कॉइल बाहेर काढणे ही कामे येथे होत नाहीत आणि हे गाडी आत घेण्याआधीच सांगितले जाते. ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याची मोटर, तिचा वेग कमी करणारा रेझिस्टर, रिले (विजेने चालणारा स्विच), स्विच, फ्यूज आणि या सगळ्यांना जोडणारी वायरिंग यांतला दोष हुडकून काढणे हा या दुकानाचा खरा व्यवसाय आहे. माझ्या गाडीचे काम येथे झाले, त्यानंतर माझ्या शिफारशीवरून गेलेल्या एका सहकारी शिक्षिकेच्या गाडीचेही झाले, आणि दोन्ही वेळा मी शेजारी उभी राहून तपासणी पाहिली. आधी मोजायचे आणि मगच पार्टला हात लावायचा ही शिस्त ज्या काटेकोरपणे येथे पाळली जाते, ती मला इतरत्र पाहायला मिळालेली नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नागपूरकरांना ब्लोअरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपा तर अजून यायचाच असतो, आणि उन्हात उभी राहिलेली बंद गाडी आत बसवत नाही इतकी तापते. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत इथल्या गाड्यांचे ब्लोअर बहुतेक वेळ तिसऱ्या किंवा चौथ्या वेगावरच चालतात. एसीचे बाकीचे यंत्र कितीही उत्तम असले तरी कॉइलवरून हवा ढकलणारी मोटर थांबली की सगळे व्यर्थ. शिवाय अनेक गाड्यांत ब्लोअरचा स्विच चालू नसेल तर कॉम्प्रेसरही लागत नाही. तरीही ‘एसी गार करत नाही’ अशी तक्रार घेऊन गेल्यावर पुष्कळ ठिकाणी पहिला हात गॅसच्या नळीकडे जातो. बंद प्रणालीतला गॅस गळतीशिवाय कमी होत नाही, आणि हवाच येत नसेल तर गॅसचा दाब पाहून काय कळणार, हा साधा विचार घाईगर्दीत बाजूला पडतो.

माझी गाडी दहा वर्षांची लहान हॅचबॅक आहे. एसी हाताने चालवायचा, ब्लोअरला चार वेग. तक्रार अशी होती की पहिले तिन्ही वेग मुळीच चालत नव्हते आणि चौथा चालत असला तरी हवेचा जोर पूर्वीसारखा नव्हता. वायरिंगच्या कामातला कोणीही हे लक्षण ऐकून ‘रेझिस्टर गेला’ असे सांगेल आणि ते बरोबरच असेल. अशा गाड्यांत कमी वेगासाठी प्रवाह रेझिस्टरमधून फिरवला जातो आणि पूर्ण वेगाला तो रेझिस्टर टाळून थेट जातो. रेझिस्टरवर एक उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो, तो तुटला की खालचे सगळे वेग एकदमच बंद पडतात. प्रश्न वेगळाच होता. आदल्या उन्हाळ्यात शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये हाच रेझिस्टर नवा बसवलेला होता. नवा पार्ट एका वर्षात का जळला, याचे उत्तर तिथे मिळाले नाही. पुन्हा तोच पार्ट बदलण्याचा सल्ला तेवढा मिळाला.

वाडीच्या दुकानात सुरुवात प्रश्नांनी झाली. चारही वेग एकेक करून लावून पाहिले, कान ग्लव्ह बॉक्सजवळ नेऊन मोटरचा आवाज ऐकला, आणि मग मालकांनी विचारले की लांबच्या प्रवासात हवा हळूहळू कमी होऊन, एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा जोरात येते का. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोटरचा आवाज तोच राहून हवा कमी होत असेल तर कॉइलवर बर्फ साचत असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा उगम तापमान पाहणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा गॅसच्या बाजूला असतो. अशा गाडीची मोटर बदलून काहीच साधत नाही. माझ्या गाडीत तसे नव्हते. हवेबरोबर आवाजही मंदावला होता, म्हणून तपास विजेकडे वळला.

यापुढचा भाग मला सर्वात मोलाचा वाटला. बहुतेक ठिकाणी मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवून वायर तपासली जाते: बीप वाजली की वायर चांगली. पण दहा तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण मीटर त्यातून नगण्य प्रवाह सोडतो. ब्लोअरला पूर्ण वेगाला पंधरा-वीस अँपिअर लागतात. तेवढा भार आल्यावर ती वायर, तो जोड, तो स्विच कसा वागतो हे पाहायचे असेल तर मोटर चालू ठेवूनच मोजावे लागते. व्होल्टेज मोजतानाही हीच फसगत होते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो बारा व्होल्ट पूर्ण दाखवतो आणि मोटर लावताच ते व्होल्टेज बसते. म्हणून या दुकानात मीटरच्या शेजारी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून टांगलेला असतो. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि जोड कच्चा असेल तर तो बल्ब लगेच पिवळट पेटून सांगतो.

इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर चौथ्यावर. बॅटरीवर १४.२ व्होल्ट होते. मोटरच्या दोन टोकांवर मात्र १२.१ भरले. म्हणजे २.१ व्होल्ट वाटेत हरवत होते, आणि ते नेमके कुठे, हे एकेक टप्पा मोजून काढले गेले. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत, फ्यूज आणि रिले धरून, ०.४ व्होल्ट, हे चालण्यासारखे आहे, प्लसच्या बाजूला साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट खपवून घेतली जाते. उरलेले १.७ व्होल्ट अर्थच्या, म्हणजे मायनसकडे परतणाऱ्या वाटेच्या बाजूला. अनेक गाड्यांप्रमाणे माझ्याही गाडीत रेझिस्टर आणि स्विच दोन्ही अर्थच्या बाजूला आहेत: मोटरला प्लस थेट मिळतो आणि वेग ठरतो तो परतीच्या वाटेवर. ही रचना माहीत नसलेला माणूस मोटरच्या प्लसवर बारा व्होल्ट पाहून ‘करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली’ असा निष्कर्ष काढतो. कित्येक चांगल्या मोटरी याच कारणाने भंगारात गेल्या असतील.

त्या १.७ पैकी १.३ व्होल्ट एकट्या रेझिस्टरच्या कपलरवर, म्हणजे वायरी जिथे खोचल्या जातात त्या प्लास्टिकच्या जोडावर पडत होते; माझ्या गाडीत चौथ्या वेगाचा प्रवाह रेझिस्टरची तार टाळत असला तरी या जोडातूनच जात होता. वायरीभोवती चिमट्यासारखा पकडायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला तो २२ अँपिअर. (डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, घरगुती वायरिंगसाठी मिळणारे अनेक स्वस्त क्लॅम्प फक्त घरातल्या विजेचा दिशा बदलणारा प्रवाह मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवतात.) गुणाकार करून पाहिला तर त्या बोटभर प्लास्टिकच्या तुकड्यात २८ वॉटहून अधिक उष्णता तयार होत होती, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातले २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न डॅशबोर्डच्या आत सतत पेटते ठेवावे तशी. कपलर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. पांढरे प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळून खाली ओघळले होते, त्यातली पितळी पिन निळसर-काळी पडली होती, तिची पकड ढिली झाली होती, आणि मागची वायर दोन बोटे लांबीपर्यंत इतकी कडक झाली होती की वाकवताच वरचे आवरण तडकले. आदल्या वर्षीचा नवा रेझिस्टर याच जळक्या कपलरमध्ये खोचून दिलेला होता.

फ्यूज का उडला नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो विचारला. ब्लोअरचा फ्यूज ३० अँपिअरचा, प्रवाह २२. फ्यूज मर्यादेपलीकडचा प्रवाह तोडतो, कच्च्या जोडात तयार होणारी उष्णता त्याला दिसत नाही. जोड जितका खराब तितका प्रवाह उलट किंचित कमीच होतो. म्हणजे कपलर वितळत असताना फ्यूज शांत राहतो, आणि म्हणूनच कपलर डोळ्यांनी पाहणे हा तपासणीचा भाग असायला हवा. फ्यूज वारंवार उडत असेल तर तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज घालण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती तर सरळ आगीला आमंत्रण देणारी आहे.

इथपर्यंत येऊन कपलर आणि रेझिस्टर बदलून गाडी दिली असती तरी मी समाधानाने घरी गेले असते. पण मालक तिथे थांबले नाहीत. ‘ताई, कपलर जळला हे खरं, पण तो जळला काऊन ते पाहावं लागंन,’ असे म्हणून त्यांनी २२ अँपिअरच्या आकड्यावर बोट ठेवले. त्यांच्या अनुभवात या गाडीची निरोगी मोटर एवढा प्रवाह घेत नाही. शहरात जास्त चालणाऱ्या काही गाड्यांच्या चांगल्या स्थितीतल्या मोटरी ते दुकानात ठेवतात. माझ्या गाडीची मोटर ग्लव्ह बॉक्सखालून उतरवून त्याच जागी, त्याच पंख्याच्या घरात, ती दुकानातली मोटर बसवली आणि पुन्हा मोजले. १५ अँपिअर. सात अँपिअरचा फरक माझ्या मोटरचा होता.

काढलेल्या मोटरचा पंखा हाताने फिरवला तर अर्ध्या फेरीतच थांबत होता. पंख्याच्या पात्यांत कडुनिंबाचे देठ आणि वाळलेल्या चिखलाचा थर होता, पण तो साफ केल्यावरही मोटर जडच फिरली. आतला बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजून कोरडा पडला होता. माझ्या गाडीत केबिन फिल्टर मुळात आलेलाच नाही, आणि गाडी वर्षानुवर्षे शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभी असते. फाल्गुन-चैत्रात पानगळ झाली की पाने आणि देठ काचेखालच्या जाळीतून आत उतरतात, पावसाळ्यात त्याच वाटेने पाणी येते. यावर उपाय अगदी साधा आहे: बाहेरची हवा घेणारी फट बंद ठेवणे आणि बोनेटखालची जाळी अधूनमधून झाडून काढणे.

येथे एक गैरसमज त्यांनी दूर केला, तो नोंदवण्यासारखा आहे. फिल्टर तुंबला की मोटरवर ताण येऊन ती जास्त प्रवाह घेते असे सर्रास सांगितले जाते. गाडीतला ब्लोअर पिंजऱ्यासारख्या गोल पंख्याचा असतो. त्याची वाट अडवली तर तो कमी हवा ढकलतो, म्हणून त्याचे काम आणि प्रवाह कमी होतो. त्यांनी दुकानातली मोटर चालू ठेवून हवेच्या तोंडावर पुठ्ठा धरला आणि क्लॅम्प मीटरवरचा आकडा खाली उतरताना दाखवला. तुंबलेल्या फिल्टरचे नुकसान दुसऱ्या वाटेने होते: रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो, कारण उष्णतेत शक्ती जिरवणे हेच त्याचे काम आहे. कमी वेगाला ४ अँपिअर प्रवाह २ ओममधून जात असेल तर ८ व्होल्ट तिथेच संपतात आणि ३२ वॉट उष्णता होते. वारा कमी झाला की ती उष्णता वाहून नेणारे कोणी राहत नाही, आणि उष्णतेचा फ्यूज तुटतो. जड मोटर मात्र प्रवाहच वाढवते, आणि रेझिस्टर, कपलर, स्विच या सगळ्यांना एकदम भाजून काढते. माझ्या गाडीत तेच झाले होते.

निष्कर्ष खर्चिक निघाला: मोटर, रेझिस्टर, वायरीसकट नवा कपलर. आधीच्या वर्कशॉपच्या अंदाजापेक्षा बिल बरेच जास्त झाले, आणि तरीही मला ते रास्त वाटले, कारण प्रत्येक ओळीमागे एक मोजलेला आकडा होता. तपासणीचे ४०० रुपये वेगळे घेतात आणि काम तिथेच केले तर ते बिलातून वजा करतात. कंपनीची मोटर आणि बाजारातली स्वस्त मोटर असे दोन्ही पर्याय दिले, दोन्हींतला फरक सांगितला आणि निर्णय माझ्यावर सोडला. कपलरच्या वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या नाहीत. योग्य जाडीची वायर, दाबून बसवलेले थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) आणि वर आकसणारी स्लीव्ह असे काम आहे. काम झाल्यावर पुन्हा तेच माप घेतले: मोटरवर १३.६ व्होल्ट, प्रवाह १५ अँपिअर. हे आकडे, आधीच्या आकड्यांसह, बिलाच्या मागच्या बाजूला लिहून मिळाले. पुढे कधी तक्रार आली तर तुलना करायला हा कागद कामाचा आहे.

मी तिथे असताना एक टॅक्सीचालक आले होते. त्यांना रेझिस्टरचा उष्णतेचा फ्यूज वायरीने ‘डायरेक्ट’ करून हवा होता, कारण दिवसाचा धंदा बुडत होता. मालकांनी नकार दिला. तो फ्यूज काढला तर रेझिस्टरची तार लालभडक होऊन भोवतालचे प्लास्टिक पेटू शकते, हे समजावून सांगितले, आणि पार्ट येईपर्यंत ब्लोअर फक्त चौथ्या वेगावर चालवण्याचा पर्याय दिला. गिऱ्हाईक नाराज होऊन गेले. या एका प्रसंगाने माझा विश्वास जितका वाढला तितका माझ्या स्वतःच्या बिलानेही वाढला नव्हता.

सहकारी शिक्षिकेच्या गाडीचा दोष माझ्या गाडीच्या उलट होता आणि लवकर सापडला. ब्लोअर कोणत्याच वेगावर चालत नव्हता, आणि एका ठिकाणी मोटर बदलण्याचा अंदाज हाती दिलेला होता. मोटरच्या कपलरवर मीटर बारा व्होल्ट दाखवत होता, बल्ब मात्र पेटत नव्हता. बल्बची एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला लावताच तो लख्ख पेटला; म्हणजे प्लस ठीक, अर्थ नाही. पायाजवळच्या पॅनेलमागचा अर्थचा बोल्ट पावसाळ्यात झिरपलेल्या पाण्याने हिरवा-पांढरा फुलून गेला होता. तो घासून, नवे थिंबल लावून, वर ग्रीस देऊन मोटर जुनीच चालू झाली. खर्च तपासणी आणि मजुरीपुरता.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांबाबत मात्र अपेक्षा मर्यादित ठेवावी. त्यांत साध्या रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते आणि वेगाचा हुकूम एका बारीक वायरीवरून, कमी-जास्त व्होल्टेजच्या किंवा वेगाने उघडझाप करणाऱ्या सिग्नलच्या रूपात येतो. साधा मीटर अशा उघडझापीची फक्त सरासरी दाखवतो. दुकानात छोटा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र) आहे, त्यावर सिग्नल येतो की नाही हे पाहतात. प्लस, अर्थ आणि सिग्नल तिन्ही ठीक असून मोटर फिरत नसेल तर मॉड्यूल किंवा मोटर यांपैकी दोषी कोण तेही सांगतात. पण मॉड्यूल उघडून दुरुस्त करत नाहीत, आणि सिग्नलच येत नसेल तर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला सांगतात, कारण पुढचा तपास त्या गाडीच्या स्कॅनरशिवाय होत नाही.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. बसायला जागा म्हणजे एक बाकडे. पत्र्याच्या शेडखाली दुपारी थांबणे वृद्धांना किंवा लहान मुलांना झेपणारे नाही. काम मालकांच्या हाताखाली एकच मदतनीस करतो, त्यामुळे मे महिन्यात रांग लागते आणि दिलेली वेळ पाळली जाईलच असे नाही. फोनवर दोषाचा किंवा खर्चाचा अंदाज देत नाहीत. गाडी पाहिल्याशिवाय बोलणार नाही हे त्यांचे म्हणणे मला पटते, पण हिंगणा किंवा कामठीहून येणाऱ्याला ते गैरसोयीचे आहे. आपण स्वतः आणलेला पार्ट बसवून देतात, त्याची हमी घेत नाहीत. ऑनलाइन पैसे चालतात, पण छापील जीएसटी बिल हवे असेल तर आधी सांगावे लागते.

जायचे असेल तर सकाळी दुकान उघडताना जावे. त्या वेळी गर्दी कमी असते आणि शेडही तापलेली नसते. ब्लोअर अधूनमधूनच बंद पडत असेल तर तो बंद पडतो तेव्हा कोणता वेग लावलेला असतो, खड्ड्यात गाडी आपटल्यावर तो पुन्हा सुरू होतो का, हे लक्षात ठेवून सांगावे. डॅशबोर्डखाली हलके ठोकल्यावर मोटर फिरायला लागत असेल तर कार्बन ब्रश झिजले असल्याचा संशय पक्का होतो आणि तपासणीचा वेळ वाचतो. जाण्याआधी कोणी फ्यूज किंवा रिले अदलाबदल केली असेल तर तेही सांगावे. कपलर किंवा अर्थचे काम त्याच दिवशी होते. मोटर मागवायची असल्यास गाडी दुसऱ्या दिवशी मिळते. रविवारी दुकान बंद असते.